लाइव्ह रॉकमधले बिनतिकिटाचे प्रवासी

खाऱ्या पाण्याची टाकी लावणाऱ्यांत सध्या सरळसरळ दोन पंथ पडलेत. पहिला पंथ कोरडा दगड घेतो, बाटलीतले जिवाणू ओततो आणि महिना-दीड महिना रिकाम्या टाकीकडे बघत बसतो. त्यांच्या टाकीत नको असलेलं काही येत नाही, आणि मनात नसलेलं पण भेटलं तर आवडेल असंही काही येत नाही. दुसरा पंथ समुद्रातून काढलेला जिवंत दगड, म्हणजे लाइव्ह रॉक, घेतो आणि त्याच्या भोकांमधून जे काही बाहेर येईल ते पदरात घेतो. मी दुसऱ्या पंथातली. मालवणात लहानपण गेलेल्या माणसाला काचेमागे पांढराफटक दगड बघवत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे मला मासे बेताचेच आवडतात; बिळातून मिशा हलवणारं काहीतरी दिसलं की मात्र मी जेवण विसरते.

आम्ही राहतो ह्यूस्टनला. दगड मागवला फ्लोरिडाहून, चाळीस पौंड. फ्लोरिडात नैसर्गिक खडक समुद्रातून उचलायला 1990 च्या दशकात पूर्ण बंदी आली. तेव्हापासून तिथले लोक समुद्रतळाचा तुकडा सरकारकडून लीजवर घेतात, बोटीने चुनखडीचे धोंडे नेऊन त्यावर टाकतात आणि वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, तिकडे फिरकत नाहीत. तेवढ्यात त्या धोंड्यावर स्पंज, शिंपले, नळीतले किडे, खेकडे, सगळं गाव वसतं. मग पाणबुडे तो वर काढतात आणि तो पाण्यात बुडवलेल्या अवस्थेतच विमानाने पाठवला जातो. पूर्वी फिजी-इंडोनेशियाचा दगड ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचा. पोचेपर्यंत त्यावरचं निम्मं गाव मेलेलं असायचं. पाण्यातून येणाऱ्या फ्लोरिडाच्या दगडात जगून येणारे जास्त. त्यात आवडते आले आणि नावडतेही आले.

पुण्याच्या मावसभावाने फोटो बघून लगेच विचारलं, "इकडे कुठे मिळेल?" त्याला सांगितलं ते इथेही सांगते. भारतात 2001 पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळ असलेला खडक उचलून टाकीत ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही लहान असो. "दुकानदार देतोय" हे उत्तर तिथे चालत नाही. तिकडे ही हौस करायची तर कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड, आणि बिळातले प्राणी बघायचे तर भरती-ओहोटीचं पत्रक बघून खडकांवर जायचं. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरसुद्धा ओहोटीला मृदू प्रवाळ दिसतात.

आता दगडाकडे. खोके उघडल्यावर पहिलं काम ओळखण्याचं नसतं, जगवण्याचं असतं. टेक्ससात गुरांना पाणी पाजायच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या कुठल्याही फीड स्टोअरमध्ये मिळतात. तसली एक गॅरेजमध्ये मांडली होती. खारं पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं, विशिष्ट गुरुत्व 1.025, तापमान 25-26 अंश, हीटर आणि पाणी जोरात फिरवणारे दोन पंप. प्रवासात काही ना काही मरतंच, विशेषतः स्पंज, आणि त्याचा अमोनिया होतो. तो 0.25 पीपीएमच्या वर गेला की पाणी बदलायचं, हा नियम पाळला तर बाकीची मंडळी टिकतात. स्पंज हवेत बाहेर काढला की त्याच्या छिद्रांत हवा अडकते आणि तो आतून कुजतो, म्हणून ज्या दगडांवर मोठे स्पंज होते ते पिशवीसकट पाण्यात बुडवले आणि पाण्याखालीच बाहेर काढले.

उरलेल्या दगडांना मिठाची आंघोळ घातली. एका बादलीत नेहमीपेक्षा जास्त मीठ घालून विशिष्ट गुरुत्व 1.035 ते 1.040 च्या मध्ये आणायचं आणि दगड एक-दोन मिनिटं त्यात हलवायचा. बिळात लपलेल्या खेकड्यांना, कोळंब्यांना आणि किड्यांना ते सोसत नाही. ते दगड सोडून तळाशी येतात. त्यांना लगेच साध्या समुद्राच्या पाण्यात हलवलं की बहुतेक सावरतात. ही आंघोळ काही लोक सरसकट सगळ्या दगडांना घालतात आणि बादलीच्या तळाशी जे पडेल ते फेकून देतात. मला ते पटत नाही. पैसे त्या प्राण्यांचेच तर दिलेले असतात.

सामान फार लागत नाही. पांढरा उथळ ट्रे, भिंग, लांब चिमटा, रबरी फुग्याची मोठी पिचकारी, फोनला अडकवायची मॅक्रो लेन्स आणि लाल कागद लावलेला टॉर्च. सर्वांत उपयोगी पडला तो फ्रीजमधला बर्फाचा पांढरा ट्रे. एका खणात एक प्राणी. एकाच भांड्यात सगळे ठेवले की भिंग आणेपर्यंत तपासायला एकच उरतो, आणि त्याचं पोट भरलेलं असतं.

ओळखायला बसलं की नवखा माणूस रंगापासून सुरुवात करतो. "लाल, पांढरे ठिपके, काय आहे?" असं विचारतो. रंग मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण या प्राण्यांत तो वयाने, खाण्याने आणि दगडाच्या रंगानुसार बदलतो. माझा क्रम असा बसलाय: आधी अंगाला डावं-उजवं आहे की मधोमध तोंड आणि भोवताली हात आहेत. मग चिकटून बसलंय की फिरतंय. पाय असले तर किती जोड्या, डोळे देठावर आहेत की अंगाला लागून. पिचकारीने हलकेच पाणी मारलं तर पळतं, मिटतं की उलट अंगावर येतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तोंड किंवा नांगी कसली आहे, खरवडायची, चिमटायची, फोडायची की गाळायची. हे शेवटचं कळलं की टाकीत ठेवायचं की नाही याचा निर्णय होतो, नाव नंतर सापडलं तरी चालतं. बहुतेकांचं नाव प्रजातीपर्यंत सापडत नाहीच. कुळापर्यंत पोचलं तरी मी समाधान मानते. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी ओळखून घ्यायच्या संकेतस्थळावर, फोटो टाकताना मात्र दगड कुठल्या समुद्रातला हे लिहायलाच हवं. मेक्सिकोच्या आखातातला खेकडा इंडोनेशियाच्या यादीत शोधला तर जन्मभर सापडणार नाही.

पहिल्याच रात्री गॅरेजमधून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. नवरा म्हणाला हीटरची काच तडकली. हीटर टायटॅनियमचा होता.

लाइव्ह रॉकमधून असा आवाज करणारे दोघेच संशयित असतात, पिस्तूल कोळंबी किंवा मँटिस श्रिम्प. पहिली बहुतेक निरुपद्रवी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते, ती झटक्यात मिटली की पाण्याची चिळकांडी उडते आणि तिच्यामागे एक बुडबुडा तयार होऊन फुटतो. आवाज नांगीचा नसून त्या बुडबुड्याचा असतो, हे 2000 साली संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिलं. उबदार उथळ समुद्रात पाण्याखाली डोकं घातलं की जी सततची तडतड ऐकू येते ती मुख्यतः यांचीच. दुसरा, मँटिस, मात्र शिकारी. तो खरं तर कोळंबीच नाही, वेगळ्याच गणातला आहे. फ्लोरिडाच्या दगडातून येणारा बहुधा निओगोनोडॅक्टिलस वेनेरी, दोन-तीन इंचांचा, शिंपले आणि शंख फोडून खाणारा. त्याचा मोठा नातेवाईक असलेल्या मयूर मँटिसच्या ठोशाचा वेग जीवशास्त्रज्ञ शीला पाटेक यांच्या चमूने 2004 साली मोजला, तेव्हा तो सेकंदाला 23 मीटरपर्यंत भरला. छोट्या प्रजातीने टाकीची काच फुटल्याच्या कहाण्या मी फारशा मनावर घेत नाही, पण शंखांचं आणि छोट्या माशांचं ते खरोखर काही ठेवत नाहीत.

नुसत्या आवाजावरून दोघांतला फरक करता येतो असं छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. मी खूप ऐकलं. मला जमलं नाही, आणि ज्यांना जमतं असं ते म्हणतात त्यांनी दगड फोडून खात्री करून घेतल्याचंही ऐकिवात नाही. आवाजाने फक्त एवढंच कळतं की कोणीतरी आहे. कोण, ते पुराव्यांवरून ठरतं. मी बिळांच्या तोंडाशी नजर ठेवायला लागले. एका मोठ्या, मधे खिंड असलेल्या दगडाच्या खाली पांढऱ्या कवचाचे बारीक तुकडे पडत होते. नुसते रिकामे शंख नव्हेत, तुकडे, कडा धारदार. खेकडा शंखाची कड कुरतडत जातो किंवा दाबून मोडतो. ठोसा मारून फोडलेल्या शंखाचा चुरा वेगळा दिसतो.

लाल टॉर्च घेऊन रात्री बसण्याचा सल्ला सगळे देतात. तो खेकड्यांसाठी उत्तम आहे. या गटातले मँटिस मात्र दिवसा हिंडतात आणि रात्री बिळाचं तोंड खडे-शंखांनी आतून बुजवून झोपतात. हे आधी वाचलेलं होतं म्हणून मी सकाळचा चहा गॅरेजमध्ये प्यायला सुरुवात केली. तिसरा की चौथा चहा असेल, त्या दगडाच्या एका गोल भोकात दोन डोळे दिसले. देठावरचे. एक माझ्याकडे वळला आणि दुसरा पंपाकडे. पिस्तूल कोळंबीचे डोळे कवचाच्या टोपणाखाली झाकलेले असतात, ते असे स्वतंत्र फिरत नाहीत. प्रश्न तिथेच मिटला.

तो बाहेर काढायचा उपाय साधा आहे. दगड उचलून रिकाम्या बादलीवर धरायचा आणि बरोबर त्या भोकात पिचकारीने साधा सोडा वॉटर मारायचा. साखर, लिंबू असलं काही नसलेला. तो प्राणी धडपडत मागच्या भोकातून बाहेर पडतो, म्हणून आधी सगळी भोकं शोधून ठेवायची. हात उघडा ठेवायचा नाही. हिरवट-तपकिरी, अंगठ्यापेक्षा जरा लांब असा एक नर बादलीत पडला, आणि लगेच पुढचे दोन्ही ठोसे, म्हणजे ठोसा मारायचे पाय, उघडून त्याने अंग फुगवलं. ही धमकीची पोझ ओळखीसाठी फार कामाची, कारण ठोशाच्या आतल्या बाजूला एक रंगीत डाग असतो आणि जवळच्या प्रजाती त्यावरून वेगळ्या करतात. बर्कली विद्यापीठाचे रॉय काल्डवेल यांनी या प्राण्यांवर कितीतरी दशकं काम केलंय. अंगाच्या रंगावर जाऊ नका, डाग बघा, ही शिस्त मी त्यांच्या लिखाणातून उचलली. फोटो निघेपर्यंत त्याने प्लास्टिकच्या बादलीला दोन ठोसे दिले. आता तो वेगळ्या अडीच गॅलनच्या टाकीत आहे आणि खरं सांगायचं तर मोठ्या टाकीपेक्षा आमच्याकडचे पाहुणे त्याच्याकडेच जास्त वेळ बघतात.

आवाज मात्र थांबला नाही. टक्. म्हणजे पिस्तूल कोळंबीही होती. ती अजून आहे, कुठल्या दगडात ते मला माहीत नाही आणि शोधायचं कारणही नाही.

खेकड्यांचं प्रकरण सुरू असताना आई मालवणहून आलेली होती. तिने गॅरेजमधला तो सगळा पसारा पाहिला आणि तिचा पहिला प्रश्न आला, "ह्या धोंड्यांचे पैशे दिलंस? आमच्या खडपार असले फुकट गावतत." मी बर्फाचा ट्रे तिच्यापुढे ठेवला. प्रत्येक खणात एक खेकडा, नखाएवढे. तिने चष्मा लावून क्षणभर बघितलं आणि एका काळ्या टोकाच्या नांगीवाल्याकडे बोट दाखवलं. "हो शिंपलो फोडतलो."

बरोबर होतं ते. आयुष्यभर कुर्ल्या साफ केलेल्या बाईला नांगीचं काम सांगावं लागत नाही. जाड, फुगीर, टोकाला काळी आणि आतल्या बाजूला दाढेसारखा उंचवटा असलेली नांगी फोडण्यासाठीच असते. असे काळ्या टोकाचे, केसाळ खेकडे हौशी लोकांत गोरिला क्रॅब म्हणून बदनाम आहेत. पण "केसाळ म्हणजे वाईट" हा जो नियम सगळीकडे फिरतो तो अर्धवट आहे. हिरवा एमराल्ड खेकडा, जो शेवाळ खाण्यासाठी लोक पैसे देऊन आणतात, त्याचेही पाय केसाळच असतात. फ्लोरिडाच्या दगडातून येणारे पिथो नावाचे छोटे खेकडेही दिसायला रानटी, पण शेवाळखाऊ. या दोघांच्या नांगीची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात, खरवडायला सोयीची. म्हणून मी केस बघत नाही. नांगी मिटलेली असताना तिच्या टोकांकडे भिंगातून बघते. अणकुचीदार किंवा दाढवाली असेल तर खाली तळटाकीत, म्हणजे मुख्य टाकीखालच्या वेगळ्या टाकीत, चमचा असेल तर वर. या हिशेबात ट्रेमधले चार-पाच वर राहिले, जे एरवी बादलीसोबत फेकले गेले असते.

त्या काळ्या नांगीवाल्यांत एक फ्लोरिडाचा स्टोन क्रॅब निघाला, पिल्लू. मोठा झाला की तो तिकडचा महागडा खेकडा. आईला सांगितलं की तिथले मच्छीमार हंगामात, म्हणजे 15 ऑक्टोबर ते 1 मे, हा खेकडा पकडतात, नांगी तोडून घेतात आणि खेकडा परत पाण्यात सोडतात, मग ती नांगी पुन्हा उगवते. तिला ते आवडलं नाही. "डेंगो मोडून परत पाण्यात? आणि तो खाता काय?" प्रश्न नेमका होता. नांगी तुटलेले सगळे काही जगत नाहीत.

आणखी एक खण होता त्यात चपटा, गुळगुळीत, घाबरट खेकडा. चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसत होत्या. खऱ्या खेकड्याला नांग्या सोडून चार असतात. तीन दिसल्या की तो पोर्सिलेन क्रॅब, तोंडाजवळच्या पिसांच्या पंख्याने पाणी गाळून खाणारा. एवढी एकच गोष्ट मोजली तरी बिचाऱ्याचा जीव वाचतो.

दगडातच दडून राहिलेले मोठे खेकडे पकडायला काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवून आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा. रात्री ते उतरतात, गुळगुळीत काचेवरून परत चढता येत नाही. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही, चालतं.

किड्यांबद्दल मात्र लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, कारण सर्वांत जास्त भीती आणि सर्वांत जास्त गैरसमज तिथेच. दगड हलवला की गुलाबी-तपकिरी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके असलेले ब्रिसलवर्म दिसतात आणि माणूस किंचाळतो. बहुतेक सगळे निव्वळ सफाई कामगार. मेलेलं, कुजलेलं, माशांनी सोडलेलं अन्न खातात, आणि तुम्ही जितकं जास्त खायला टाकाल तितके वाढतात. त्यांची संख्या वाढली तर दोष त्यांचा नसतो. केस मात्र टोचतात. टोचले तर सेलोटेप लावून ओढून काढायचे.

पण फ्लोरिडाच्या पाण्यात त्यांचा एक नातेवाईक राहतो तो खरा फायरवर्म, हर्मोडाइस कॅरुंक्युलाटा. तो प्रवाळ खातो. फांदीचं टोक तोंडात घेऊन वरचं मांस शोषून घेतो आणि मागे पांढरा सांगाडा सोडतो. म्हणजे इथे नुसतं "ब्रिसलवर्म, चालेल" म्हणून भागत नाही. दोघांतला फरक डोक्यावर आहे. हर्मोडाइसच्या डोक्यावर मागे पसरलेला, चुण्याचुण्यांचा मांसल तुरा असतो, भिंगाशिवायही दिसेल इतका. शिवाय प्रत्येक खंडावर पांढऱ्या केसांच्या बुडाशी तांबूस कल्ल्यांची झुडपं. साध्या ब्रिसलवर्मचा तुरा इवलासा असतो आणि कल्ले असे फुललेले दिसत नाहीत. मी सापडलेला प्रत्येक किडा ट्रेमध्ये घेतला, डोकं कुठलं हे आधी ठरवलं (हे वाटतं तितकं सोपं नाही, तो ज्या दिशेने सरकतोय ती पुढची बाजू असेलच असं नाही) आणि तुरा शोधला. एकाच्या डोक्यावर तो होता. बोटाएवढा लांब, तांबूस झुडपांसह, चित्रातल्यासारखा. त्याला प्रवाळ नसलेल्या तळटाकीतही ठेवला नाही, फॉर्मालिनमध्ये गेला. बाकी सगळे परत दगडात.

दगडाला चिकटलेल्यांत सर्वांची दुश्मन आयप्टेशिया, म्हणजे एक उपद्रवी समुद्रफूल (सी ॲनिमोन). तपकिरी पारदर्शक देठ, वर लांब निमुळते हात, काचेचं झाड म्हणावं तसं दिसतं. ओरबाडून काढायला गेलं तर देठाचा मागे राहिलेला कणही नवी आयप्टेशिया होतो, त्यामुळे नखाने खरवडणं वर्ज्य. पण ती आहे की नाही हे आधी ठरवायला हवं, कारण फ्लोरिडाच्या दगडावर तिच्यासारखे दिसणारे दोघे तरी येतात. मी पिचकारीने पाणी मारून त्यांना मिटायला लावलं. आयप्टेशिया मिटली की दगडात नाहीशी होते किंवा मऊ गोळा उरतो. एका ठिकाणी मात्र मिटल्यावर खाली कडक, कंगोऱ्यांची वाटी दिसली. ती फिलँजिया, म्हणजे छोटा कठीण प्रवाळ, आणि तिच्यावर औषध टाकणं म्हणजे फुकट मिळालेला प्रवाळ मारणं. दुसऱ्या एकीच्या हातांवर पांढुरक्या वळ्यांच्या कड्या होत्या, ती बार्थोलोमिया. ती डंखाने जोरदार असते आणि तिच्या हातांत छोट्या कोळंब्या राहतात. तिला एका कोपऱ्यातला दगड दिला.

खऱ्या आयप्टेशियांसाठी वापरला तो कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा घट्ट लेप, म्हणजे पानाला लावतात तोच चुना, फक्त शुद्ध स्वरूपातला. पंप बंद करायचे आणि जाड सुईच्या सिरिंजने नेमका तिच्या तोंडावर ठेवायचा. नैसर्गिक उपाय म्हणून पेपरमिंट कोळंबी आणली. ती घेताना दुकानात नीट बघायला हवं, कारण तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी कधीकधी त्याच नावाने दिली जाते. तिच्या पाठीला कुबड, डोळे मोठे, लाल अंगावर पांढऱ्या रेषांची ठळक नक्षी, आणि ती प्रवाळच खाते.

मला सर्वांत आनंद झाला तो एका गोष्टीचा, जी प्राणीसुद्धा नाही. दगडाच्या खालच्या बाजूला गर्द लाल, कडक, मोहरीएवढे फोड होते. नखाने दाबून बघितलं, चुन्यासारखे टणक. लाल कोरलाइन शेवाळ असतं तर पसरट असतं, स्पंज असता तर दबला असता. भिंगाखाली त्यावर सूक्ष्म छिद्रं दिसली आणि एका फोडातून कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू बाहेर आलेले. होमोट्रेमा रुब्रम. फोरॅमिनिफेरा, एकच पेशी. अटलांटिकमधल्या बर्म्युडाच्या किनाऱ्यांची वाळू गुलाबी दिसते ती मुख्यतः याच्याच लाल कवचांच्या चुऱ्याने. एका पेशीने एवढं कवच बांधावं आणि त्याने बेटाच्या किनाऱ्याचा रंग बदलावा, हे मी त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला सांगितलं. मुलीने "नाइस" म्हटलं.

बाकीचे भराभर. काचेवरच्या पांढऱ्या सूक्ष्म गुंडाळ्या म्हणजे स्पायरॉर्बिड किडे, निरुपद्रवी. वेड्यावाकड्या कडक नळीतून पिसांचा तुरा बाहेर येत असेल तर फेदर डस्टर, ठेवा. तुरा न येता थोडं खाणं टाकल्यावर चिकट धाग्यांचं जाळं बाहेर आलं तर व्हर्मेटिड गोगलगाय, आणि तिच्या नळीच्या तोंडावर जेलसारख्या सुपरग्लूचा थेंब. आठ पट्ट्यांचं कवच पाठीवर असलेला कायटन, शेवाळ खातो, उत्तम. टोकाला नळीसाठी खाच असलेला शंख मांसाहारी असण्याची शक्यता जास्त, त्याला शिंपल्यांपासून दूर ठेवायचं. लांब पांढरे धागे दगडावर पसरून ओढून घेणारा स्पॅगेटी वर्म, तो राहू द्या.

एका प्रकाराबद्दल मात्र घाई करू नये. ट्रेमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे, अनेक पायांचे, चपटे प्राणी पोहत असतील तर भिंग काढा. आयसोपॉडांतले सिरोलॅनिड माशांना चिकटून रक्त पितात, आणि ते टाकीत शिरले तर मासे काढून टाकी कित्येक महिने रिकामी ठेवायची वेळ येते. त्यांचे डोळे डोक्याच्या मानाने फार मोठे असतात आणि पोहणं वेगवान, सरळ रेषेत. मला सापडलेल्याला मी चिमट्याने हलकेच दाबलं. त्याने अंग गोल गुंडाळून चेंडू केला. चेंडू करणारे सहसा स्फिरोमॅटिड, शेवाळ आणि गाळ खाणारे. तरीही दगड टबात राहिले तोवर मी माशांना त्यांच्याजवळ फिरकू दिलं नाही.

आता दगड मुख्य टाकीत लागलेत, एक सोडून. त्या एकात रात्री लाल प्रकाशात एक डोकं बाहेर येतं. इंद्रधनुषी चमक, डोक्यावर पाच मिशा, शरीर किती लांब ते दिसत नाही. पाच मिशा म्हणजे युनिसिड कुळातला किडा. त्या कुळात दबा धरून मासे पकडणारा लांबलचक बॉबिट वर्मही येतो आणि शेवाळावर जगणारे कितीतरी साधेही येतात. फक्त डोक्यावरून पुढे सांगणं बरोबर नाही. पूर्ण शरीर बघायचं तर दगड फोडावा लागेल, आणि त्यावर फिलँजियाच्या पाच वाट्या आहेत. म्हणून तो दगड तळटाकीत, काळ्या नांगीवाल्या खेकड्यांच्या शेजारी आहे. दर रविवारी कोळंबीचा तुकडा चिमट्याने बिळाजवळ धरते, तो जितका बाहेर येतो तितकी लांबी काचेवर मार्करने खूण करून ठेवते. सध्या खूण पावणेचार इंचांवर आहे.